कोपराला लावलेला गूळ

मराठीत ‘कोपराला गूळ लावणे’ असा एक चपखल वाक्प्रचार आहे. गूळ दिसतो, वासही येतो, पण स्वतःच्या कोपरापर्यंत कुणाचीच जीभ पोहोचत नाही. माणसाला आशेवर झुलवत ठेवण्याला जुन्या लोकांनी हे नाव दिलं. आज खरोखरच्या दुखऱ्या कोपरावर आपल्याकडे जे इंजेक्शन सर्रास दिलं जातं, त्याला हा वाक्प्रचार जवळपास शब्दशः लागू पडतो. आणि ज्या कोपराला गूळ नको, तेल नको, ताबडतोब ऑपरेशन थिएटर हवं असतं, ते मात्र चोळून, शेकून, बांबूच्या कामट्यांत घट्ट आवळून घरी ठेवलं जातं. कोपराच्या बाबतीत आपली गंगा उलटी वाहते ती अशी. धीर धरायचा तिथे घाई, आणि धावायचं तिथे ‘बघू दोन दिवस’.

कोपराच्या दुखण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली ती सचिन तेंडुलकरने. २००४ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यावर त्याचं डावं कोपर धरलं आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. क्रिकेट खेळणाऱ्याला टेनिसचा आजार कसा, या कोड्याने त्या दिवसांत लोकलचे किती डबे गाजले असतील कोण जाणे! ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटी त्याला सोडाव्या लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ढाक्याला त्याने नाबाद २४८ धावा केल्या, म्हणजे दुखणं गेलं असं सगळ्यांना वाटलं. ते गेलं नव्हतं. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढत तो परतला.

या गोष्टीतून लोकांनी जो धडा घेतला तो मात्र चुकीचा. टेनिस एल्बो म्हणजे काहीतरी मोठं, लंडनला जाऊन कापाकापी करण्यासारखं, असा समज पसरला. प्रत्यक्षात हा कोपराचा सगळ्यात नेहमीचा आणि बहुतेक वेळा आपणहून बरा होणारा त्रास आहे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, आणि पंधरा वर्षं जड बॅट फिरवणारा माणूस त्या थोड्यांत निघाला तर नवल नाही.

टेनिसशी या दुखण्याचा संबंध नावापुरताच. १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताचा त्रास म्हणून. टेनिसचं नाव चिकटलं नंतर, १८८० च्या दशकात, इंग्लंडमध्ये हिरवळीवरचा तो नवा खेळ जोरात असताना. इथल्या बहुतेक रुग्णांनी रॅकेट हातात धरलेली नसते. त्यांच्या हातात लाटणं असतं, थापी असते, पाना असतो, करवत असते, रंगाचा ब्रश असतो. नाशिकच्या बागांत ऑक्टोबर छाटणीला दिवसभर कात्री चालवणारे हात असतात. आणि दिवाळीच्या आगेमागे हमखास असतो तो चकलीचा सोऱ्या.

हा सोऱ्या जरा जवळून बघण्यासारखा आहे. पीठ घट्ट भिजलेलं. एका हाताने नळी गच्च धरायची, दुसऱ्याने मूठ पिळायची. त्याआधी आठवडाभर माळे झाडलेले, पडदे धुऊन पिळलेले, डबे घासलेले. हाताची मूठ आवळली की मनगट आत दुमडायला बघतं. ते दुमडू नये म्हणून हाताच्या पाठीकडचे स्नायू त्याला मागे खेचून धरतात. या स्नायूंची मुळं एका जागी येऊन रुजतात, कोपराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर. म्हणजे वस्तू धरतात बोटं, कष्ट होतात मुठीला, आणि बिल फाटतं कोपराच्या नावावर. भाऊबीज उरकते आणि एका सकाळी चहाचं पातेलं उचलताना कळ अशी येते की पातेलं हातातून सुटतं.

या दुखण्याची ओळख अवघड नाही. त्या बाहेरच्या उंचवट्यावर किंवा त्याच्या जरा पुढे बोट दाबलं की माणूस ‘आई गं’ म्हणतो. तळवा जमिनीकडे ठेवून खुर्ची उचलली की दुखतं, तळवा वर करून उचलली की तितकं दुखत नाही. कोपर मात्र पूर्ण वाकतं, पूर्ण सरळ होतं, सूज फारशी नसते, ताप नसतो. तिशीच्या मध्यापासून पन्नाशीच्या मध्यापर्यंत हे वय. एका वर्षात शंभरातल्या एक ते तीन प्रौढांना हे होतं. दुखणं आतल्या बाजूच्या उंचवट्यावर असेल तर त्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. भरलेल्या बादल्या वाहणाऱ्या कितीजणींनी गोल्फचं मैदान पाहिलं असेल, हा प्रश्न नावं ठेवणाऱ्यांना पडला नसावा.

आता गुळाकडे येऊ.

कोपर दुखतं म्हणून माणूस दवाखान्यात जातो. शेजारच्या काकूंनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, “त्या डॉक्टरांकडे जा, एक सुई मारतात, तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला लागशील.” ही सुई म्हणजे दुखऱ्या जागी टोचलेलं स्टेरॉइड. काकू खोटं बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी खरंच बरं वाटतं. फक्त काकूंची गोष्ट तिसऱ्या दिवशी संपते, कोपराची संपत नाही.

२००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. टेनिस एल्बोच्या १८५ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले होते. एकाला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले शंभरातले ९२ जण बरे होते, फिजिओथेरपीचे ४७, वाट पाहणारे ३२. इथे निकाल लावला असता तर सुईचा जयजयकार झाला असता. डॉक्टरांनी वर्षभर वाट पाहिली. ५२ आठवड्यांनी फिजिओथेरपीचे ९१ टक्के बरे, नुसते थांबलेले ८३ टक्के बरे, आणि इंजेक्शनवाले? ६९ टक्के. ज्यांना काहीच टोचलं नाही ते टोचलेल्यांच्या पुढे निघून गेले होते. पुढच्या वर्षांत दुसऱ्या देशांत झालेल्या चाचण्यांनीही हीच दिशा दाखवली.

असं का व्हावं? याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली १९७९ च्या सुमारासच दिसू लागलं होतं. या दुखण्याला दाह समजून औषध दिलं जात होतं, पण शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेच्या तुकड्यात दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होती ती झिजलेली, उसवलेली, अर्धवट सांधलेली कंडरा. दाह विझवणारं औषध तिथे कळ दाबतं, उसवण शिवत नाही. उलट कळ दबल्यामुळे माणूस त्याच आठवड्यात पुन्हा बादली उचलतो.

दोष सगळा डॉक्टरांच्या माथी मारणं सोपं आहे, पण तितकंच ते अर्धवटही आहे. ‘सहा महिने लागतील, व्यायाम करा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट पुन्हा येत नाही. तो पलीकडच्या गल्लीत जातो आणि सुई घेऊन येतो. हातावर पोट असलेल्या गवंड्याला सहा आठवडे बिनकळेचे मिळाले तर त्याने ते घेऊ नयेत, असं एसीत बसून कुणी सांगू नये. पण त्याला निदान खरा हिशेब सांगायला हवा. आज सहा आठवडे उसने मिळतील, त्याचं व्याज वर्षाअखेर भरावं लागू शकतं. हा हिशेब न सांगता एकामागून एक तीन सुया टोचणं हाच तो गूळ. आणि दुसरा पर्याय, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, तालुक्याच्या ठिकाणी सहज सापडत नाही, ही सरकारची जबाबदारी. एमआरआय यंत्राचं उद्घाटन करायला मंत्री येतात. कोपराचा व्यायाम शिकवणाऱ्या माणसाच्या नेमणुकीची फीत कुणी कापत नाही.

तो व्यायाम तरी काय मोठा आहे! हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर घ्यायचं आणि दुखऱ्या हाताने ते सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तरी चालतं, रात्रभर ठणकलं तर जास्त झालं. जोडीला कामाची पद्धत बदलायची. वस्तू उचलताना तळवा वर, कोपर अंगाजवळ, कपडे मशिनने पिळायचे किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने. या शेवटच्या सूचनेला घराघरात सगळ्यात जास्त विरोध होतो.

दुखणं बाहेरच्या उंचवट्यावर, हालचाल पूर्ण आणि पडल्या-झडल्याचा इतिहास नाही, तर धीर धरण्यात धोका नाही. मात्र पडल्यानंतरचं कोपर म्हणजे दुसरंच प्रकरण.

त्यातलं सगळ्यात किरकोळ रूप आधी पाहू, कारण पुढच्या गोंधळाचं बी त्यात आहे. दोन वर्षांचं पोर रस्ता ओलांडताना अडखळतं. आई मनगट धरून त्याला वर खेचते. पोर किंचाळतं, मग गप्प होतं, पण तो हात उचलत नाही. जरासा वाकलेला, अंगाला धरून नुसता लोंबता ठेवतं. बिस्किट पुढे केलं तर दुसरा हात पुढे करतं. कोपरातल्या एका हाडाचं डोकं त्याच्या भोवतीच्या पट्ट्यातून जरासं सरकलेलं असतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे नेहमीचं. जाणकार डॉक्टर हात एका विशिष्ट पद्धतीने फिरवतो, बारीकसा ‘टक्’ होतो, आणि पाच-दहा मिनिटांत पोर त्याच हाताने बिस्किट घेतं. जादूच!

हीच जादू गावचा हाडवैद्यही करू शकतो, बऱ्याचदा करतोही. ‘आमच्या बाळाचा हात एका झटक्यात बसवला’ ही ख्याती पंचक्रोशीत पसरते. मग तेच घर, तोच विश्वास आणि तीन-चार वर्षांनी तेच पोर, या वेळी आंब्याच्या झाडावरून पडलेलं.

साधारण पाच ते सात या वयात मूल हात पुढे टेकून पडलं की दंडाचं हाड कोपराच्या नेमकं वर मोडतं. तिथे हाडाला पुढून आणि मागून खळगे असतात, मधे उरतो तो पापडासारखा पातळ भाग. मे महिन्याची सुट्टी, झाडं, झोपाळे, संक्रांतीच्या पतंगांच्या गच्च्या हे या मोडीचे हंगाम. मोडलेल्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नस जाते. हाडाचं टोक तिला टोचू शकतं, सूज तिला आवळू शकते. आणि वरून कुणी कामट्या लावून फडकं करकचून बांधलं, तर उरलेलं काम ते फडकं करतं. पुढच्या हातातल्या स्नायूंचं रक्त तुटतं आणि काही तासांत ते मरायला लागतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं होतं. हात वाचतो, पण बोटं कायमची आत वळलेली, मनगट दुमडलेलं राहतं. आजही या व्यंगाला फोल्कमानच्याच नावाने ओळखतात. जर्मनीत जे एकोणिसाव्या शतकात कळलं, त्याचे बळी आपल्या सरकारी रुग्णालयांत अजून येतात.

मूल सारखं रडतंय, दिलेल्या औषधाने कळ थांबत नाही, बोटं गार किंवा पांढरट पडली आहेत, बोटं हलवता येत नाहीत, कुणी हळूच सरळ केली तरी ते किंचाळतं. यातलं एकही दिसलं तर तिथे उद्याची सकाळ हा शब्द नाही. बांधलेलं काहीही सैल करायचं आणि निघायचं.

मालिशीचं पाप वेगळं. मार लागलेलं कोपर चोळलं, ओढलं, की आजूबाजूच्या मांसात हाड धरायला लागतं. वर्षभराने कोपर अर्ध्यावर अडकून बसतं. घास तोंडापर्यंत जात नाही, केस विंचरता येत नाहीत. शरीरातल्या सगळ्या सांध्यांत कोपर हा आखडायला सर्वात हलका, तरी लोक नेमका तोच धरून ओढतात.

मोठ्या माणसाच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. इंग्लंडमध्ये १७४० जणांवर ती तपासून २००८ मध्ये ‘बीएमजे’त छापली गेली. मार लागल्यानंतर कोपर पूर्ण सरळ करायला सांगायचं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचं हाड मोडलेलं निघालं. ज्यांना जमलं, त्यांच्यात शंभरातल्या तिघांचं. म्हणजे सरळ होत नसेल तर एक्स-रे, यात चर्चेला जागा नाही. सरळ होत असेल तरी कोपराच्या टोकावर हात लावू देत नसेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर दाखवून घेतलेलं बरं.

जोर लावताना दंडाच्या पुढच्या बाजूला ‘फट्’ असा आवाज आला, कोपराच्या घडीत निळंकाळं पडलं आणि दंडाची बेटकुळी वर सरकून बसली, तर तिथली मोठी कंडरा तुटलेली असते. चाळिशीतल्या, जिममध्ये किंवा गोदामात वजन उचलणाऱ्या पुरुषांना हे होतं. ती शिवायची तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, नंतर ती आखडून वर जाते. कोपर मधेच कुलूप लागल्यासारखं अडकत असेल तर आत हाडाचे सुटे तुकडे फिरत असू शकतात. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली ती अशाच तुकड्यांसाठी. दोन वर्षांनी टोकियोत त्याच हाताने भाला ८७.५८ मीटर गेला.

आणखी एक दुखणं आहे, ज्यात कोपर दुखतंच असं नाही. कोपराच्या आतल्या मागच्या खाचेतून एक नस जाते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंट बसतो तो तिचा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात मुंग्या आल्या, तर बहुधा ही नस दबली आहे. कारणं साधी असतात, तासन्‌तास कानाशी मोबाइल, टेबलावर टेकलेलं कोपर, हात पूर्ण दुमडून झोपायची सवय. रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळून ते सरळ ठेवलं तरी अनेकांना फरक पडतो.

पण महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे आणखी एक नाव लक्षात ठेवायला हवं, आणि त्या नावाला आपण कोपरापासून नमस्कार करतो म्हणूनच ते ठेवायला हवं. कुष्ठरोग. या रोगाचे जंतू ज्या नसांवर बसतात त्यात ही कोपरामागची नस अगदी पुढे आहे. ती दोरीसारखी जाड होते, बोटाला चक्क लागते. करंगळीची जाणीव जाते, चटका कळत नाही, पुढे बोटं वाकडी होतात. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्याला पाऊण शतक उलटलं. देशाने २००५ अखेर हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं, आणि नवे रुग्ण त्यानंतरही सापडतच आहेत. करंगळी बधिर आणि अंगावर कुठे न दुखणारा, न खाजणारा फिकट किंवा लालसर चट्टा, अशी जोडी दिसली तर सरकारी दवाखाना गाठायचा. औषध फुकट मिळतं, सहा ते बारा महिने घ्यावं लागतं. नस नुकतीच बिघडलेली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या तिला वाचवू शकतात. वर ज्याला गूळ म्हटलं तेच औषध इथे खरोखर तोंडापर्यंत पोचतं.

डावा हात दुखला की हृदयाची भीती वाटते, ती अगदीच खोटी नाही. पण बोटाने दाबून दाखवता येणारी, पीठ मळताना वाढणारी कळ सहसा हृदयाची नसते. चालताना, जिना चढताना हात भरून येतो, छातीवर ओझं, घाम, धाप यातलं काही जोडीला असेल तर कोपराचा विचार सोडून १०८ ला फोन करावा. तसंच कोपर लाल, गरम, सुजलेलं आणि अंगात ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तो त्याच दिवशी काढावा लागतो. कोपराच्या टोकावर नुसती मऊ, न दुखणारी लिंबाएवढी गाठ आली असेल तर ती पाण्याची पिशवी असते. ती घरी सुईने टोचून रिकामी करायचा उद्योग करू नये.

पडलेल्या मुलाचं कोपर सुजलं असेल तर एवढंच करा. हात आहे त्या स्थितीत ओढणीच्या किंवा पंच्याच्या झोळीत अलगद ठेवा, घट्ट बांधू नका. तेल लावू नका, शेकू नका, ‘बसतो का’ म्हणून ओढून बघू नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका. आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या हाताच्या बोटांवरची नजर हलवू नका.